मचाणाची स्प्रिंग

रागीट बाई अशी ऑफिसात माझी ख्याती आहे आणि ती मी फारशी नाकारत नाही. राजाजीनगरात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी आहे. लोक आम्हाला लोखंडी सांगाड्यांची, टाक्यांची, पाइपांची ड्रॉइंग्ज पाठवतात. वस्तू बनवायच्या आधी तिच्यावर कॉम्प्युटरमध्ये वजन टाकून ती टिकेल की नाही, हे आम्ही सांगतो. वस्तूचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवर समीकरणं मांडायची आणि ती सगळी एकदम सॉल्व्हरला, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायची. शेवटी एक रंगीत चित्र येतं. निळं म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. ते चित्र पाहिलं की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो आणि माझं डोकं फिरतं, कारण उत्तर चुकलेलं असलं तरी चित्र तितकंच देखणं येतं.

त्या आठवड्यात मी रजेवर होते. चामराजपेटेत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला मीच लागत होते. दुसऱ्या कोणी घातले की त्या डोळे मिटून घेत आणि वर त्या माणसालाच ‘नीट घाल की रे’ म्हणत. परत कामावर आले त्या सकाळी मला एका नव्या कामासाठी चाकांवरच्या शिडीचं तयार मॉडेल हवं होतं. मी नसताना एक काम पूर्ण होऊन गेलं होतं, त्यात तशी शिडी होती. म्हणून मी ते उघडलं.

ते काम एका मचाणाचं होतं. विमानाच्या शेपटीपर्यंत हात पोहोचावा म्हणून तिच्याभोवती उभं करायचं उंच लोखंडी मचाण. वर फळ्या, कडेनं कठडा, बाजूला चाकांवरची शिडी. काम झालं की घडी घालून कोपऱ्यात ठेवता यावं म्हणून सगळे सांधे बिजागरीचे. गिऱ्हाईक म्हणजे येलहंक्याच्या पलीकडचा एक विमान-दुरुस्तीचा हँगर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझा नवरा तिथेच इन्स्पेक्टर आहे. आमचं घर येलहंक्यात असल्यामुळे त्याला ऑफिस जवळ आणि मला लांब, यावरून आमच्यात रोज थोडीफार कुरबुर असते.

मॉडेल फिरवून पाहताना मचाणाच्या वरच्या कोपऱ्यात मला एक नागमोडी खूण दिसली. स्प्रिंगची खूण. कोपऱ्यापासून निघून ती हवेत कुठेतरी जाऊन थांबत होती.

ही स्प्रिंग काय असते ते सांगायला हवं. सांगाडा कुठे मोकळा राहिला असेल, म्हणजे धरून ठेवणारं काहीच नसेल, तर सॉल्व्हर गणित सोडवायचं नाकारतो आणि अमुक बिंदू मोकळा आहे असा निरोप देऊन बंद पडतो. बरेचदा कारण फुटकळ असतं. एखादी कांब स्वतःभोवती गिरकी घेऊ शकते, एवढंच. तिनं कोणाचं काही बिघडत नाही, पण सॉल्व्हरला ते चालत नाही. मग आमच्या धंद्यात सगळेच एक युक्ती करतात. त्या बिंदूला एक अगदी लेचीपेची स्प्रिंग बांधायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीला, म्हणजे मॉडेलमधल्या एका काल्पनिक, न हलणाऱ्या बिंदूला जोडायचं. ही स्प्रिंग खऱ्या वस्तूत नसते, ती फक्त सॉल्व्हरचं तोंड बंद करायला असते. यात गैर काही नाही. फक्त उत्तर आल्यावर एक प्रश्न विचारावा लागतो, की त्या स्प्रिंगवर किती जोर आला? तो शून्य यायला हवा. शून्य आला नाही, तर आपला सांगाडा जगात नसलेल्या वस्तूला टेकून उभा आहे. हा प्रश्न विचारायला एक क्लिक लागते आणि कोणी ती करत नाही.

मी केली. कठड्यावर माणसं रेलली, त्यांनी बाजूला रेटा दिला, तर तो सगळाच्या सगळा रेटा त्या स्प्रिंगमधून जमिनीत जात होता. मी पुन्हा क्लिक केलं. तेच. मी स्वतःला समजावलं की आधीचं एखादं कच्चं मॉडेल असेल. फाइलचं नाव पाहिलं तर रिपोर्टबरोबर गेलेलं तेच.

मॉडेल ज्या मुलीनं केलं होतं ती माझ्या शेजारच्याच टेबलावर बसते. नागपूरची, दोन-तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इकडे आलेली, कामाला चलाख आणि माझ्या रागाला न घाबरणारी. तिला बोलावून मी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“ही कशासाठी?”

“ते होय मॅडम,” ती म्हणाली, “सॉल्व्हर चालूच नव्हता होऊन राहिला. मग सॉफ्ट स्प्रिंग टाकली न मी.”

“ही सॉफ्ट आहे?”

“पहिले सॉफ्टच होती. पण मग वरचा कोपरा लय हलून राहिला होता. तुम्ही नव्हत्या. सरांना विचारलं तर ते म्हणाले, स्प्रिंग ॲडजस्ट कर. मग मी हळूहळू कडक करत गेली. हलणं लिमिटमध्ये आलं तिथे थांबली.”

मला संताप आला, पण तिच्यावर पूर्ण नाही. सॉल्व्हर बंद पडून सांगत होता, की हे मोकळं आहे. नंतर कोपरा हलून हलून तेच सांगत होता. आणि आमच्या ऑफिसातल्या दोन शिकल्यासवरल्या माणसांनी प्रत्येक वेळी त्याला आणखी घट्ट बांधून गप्प केलं होतं. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग्ज काढून मी जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवलं. जुन्यात एका बाजूच्या पायांमध्ये तिरका दांडा होता. नव्यात तो नव्हता. शेपटीचा आडवा पंख आत येताना आड येतो म्हणून काढून टाकला होता. सांधे सगळे बिजागरीचे, शिडी वरून नुसती अडकवलेली, आणि तिरका दांडा गायब. ते मचाण ताठ धरून ठेवणारं काहीही उरलं नव्हतं.

“पण ते तर उभं आहे मॅडम,” ती म्हणाली. “फोटो आला होता काल.”

उभं असणारच. नवे बोल्ट कचकचून आवळलेले असतात, बिजागऱ्यांवर रंग बसलेला असतो, त्या घर्षणावर रिकामं मचाण उभं राहतं. त्याच्यावर माणसं चढून इकडून तिकडे फिरायला लागली, की ते घर्षण किती वेळ पुरेल हे कोणी सांगू शकत नाही.

“ट्रायल कधी आहे?”

“आजच ना,” ती म्हणाली.

मला सकाळ आठवली. डबा भरताना नवरा म्हणाला होता की आज नव्या मचाणावर चढून बघायचंय, घरी यायला उशीर होईल. मी मान न वळवता ‘बरं’ म्हटलं होतं. मी त्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली, आणि ती का वाजतेय ते मला ठाऊक होतं. त्या हँगरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. सगळे फोन गेटवरच्या लाकडी कप्प्यांत ठेवून आत जावं लागतं. तो तिथे कप्प्यात वाजत होता.

मी साहेबांच्या, म्हणजे मुलीनं ज्या सरांना विचारलं होतं त्यांच्याच केबिनमध्ये गेले. साहेब इथलेच, कन्नड घरातले, आमच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलतात. रिपोर्टवर सही त्यांची होती. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते हेच, “मॅडम, पहले कन्फर्म कर लो. क्लायंट को ऐसे अचानक फोन करेंगे तो पॅनिक होगा.”

“सर, ऊपर आदमी खडे होंगे,” मी म्हटलं.

“मैं बोल रहा हूँ, दस मिनट—”

पुढचं ऐकायला मी थांबले नाही, माझ्या टेबलाकडे परतले. इतकी वर्षं मी त्या माणसाचा मान ठेवला होता, त्या क्षणी मला त्याचा तिटकारा वाटला. खरं सांगायचं तर तो तिटकारा अजून पुरता गेलेला नाही.

गेटचा नंबर माझ्याकडे होता, कारण नवरा डबा विसरायचा तेव्हा मी तिथे फोन करायचे. गेटवरचे अण्णा, म्हणजे तिथले वयस्कर रखवालदार, मला आवाजावरून ओळखतात. त्यांच्याकडे आतल्या मजल्याशी बोलायचा इंटरकॉम असतो. मी कन्नडमध्ये सांगितलं, की माझ्या नवऱ्याला ताबडतोब फोनवर बोलवा.

“सर मेले इद्दारे अम्मा,” ते म्हणाले. सर वर आहेत. मग नेहमीचंच, “स्वल्प इरी.” जरा थांबा.

म्हणजे तो चढला होता. ‘त्यांना लगेच खाली उतरायला सांगा’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. अण्णांनी ते इंटरकॉमवर सांगितलं असतं, खालच्या कोणीतरी ओरडून वर पोहोचवलं असतं, आणि वरची माणसं एकदम शिडीकडे धावली असती. म्हणजे सगळं वजन एका क्षणात एका बाजूला. मी ते वाक्य गिळलं.

“अण्णा, त्यांना म्हणावं हलू नका,” मी म्हटलं. “जिथे आहात तिथे खाली बसा. शिडीकडे जाऊ नका. कोणी धावायचं नाही. आणि फोन ठेवू नका, मी लाइनवर आहे.”

“सरी, सरी.” बरं, बरं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पलीकडे त्यांचा इंटरकॉमवरचा आवाज ऐकू येत होता, माझंच वाक्य ते शब्दन् शब्द म्हणत होते.

आता त्यांना खाली कसं आणायचं? मचाण कुठेतरी बांधायला हवं होतं, हे उघड होतं. पण कोणत्या कोपऱ्याला आणि कोणत्या दिशेनं? चुकीच्या बाजूला ओढलं तर आपणच ते पाडायचो. मी नागपूरच्या मुलीकडे वळले. ती माझ्यामागेच उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. रडायला आता वेळ नाही, असं मी तिला चांगलंच खडसावून सांगितलं.

“स्प्रिंग काढ. आणि सॉल्व्हरला विचार, हा सांगाडा फुकटात कसा हलू शकतो.”

असं विचारता येतं. वजन वगैरे काही न टाकता, फक्त मोकळ्या हालचालीचा आकार मागायचा. सॉल्व्हर मग तो आकार काढून दाखवतो. ती खुर्चीत बसली. तिची एकही कळ चुकली नाही. प्रोग्रॅमची पट्टी पुढे सरकायला लागली. छोटं मॉडेल, फार तर मिनिटाभराचं काम. मी फोनवर अण्णांना विचारलं, बसले का? बसले, ते म्हणाले. तिघं आहेत. दोन फिटर आणि सर.

चित्र आलं. मचाणाचा वरचा मजला जसाच्या तसा, सपाटच्या सपाट, एका बाजूला सरकला होता आणि सगळे पाय त्याच बाजूला कलले होते. पुढे-मागे काही हललं नव्हतं. निव्वळ डावी-उजवी. ज्या बाजूला शिडी होती त्याच बाजूला. प्रोग्रॅम ते चित्र हलवून दाखवतो, त्यामुळे मजला इकडून तिकडे, इकडून तिकडे सावकाश झुलत होता, आणि त्याच्यावर माझा नवरा बसला होता.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, की खालच्यांनी काय ते ओळखून आपणहून दोर आणलाय, विमान ओढायच्या ट्रॅक्टरला मचाण बांधतायत.

“ट्रॅक्टर कुठे आहे?”

समोर, म्हणाले. शेपटीच्या समोर.

“नको. समोर नको.” माझा आवाज चढला. “पुढून-मागून बांधून काही उपयोग नाही. डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ट्रकवाले माल बांधतात ना अण्णा, तसले पट्टे असतील तिथे. टोकं वर फेका, वरच्यांनी बसल्या जागीच ती मजल्याच्या कडेला बांधावीत, आणि खालून हँगरच्या खांबांना ओढून घ्या. दोन्ही बाजूंना एकदम, हळूहळू. एकच बाजू आधी ओढायची नाही.”

अण्णांनी सांगितलं. पलीकडून काहीतरी उलट उत्तर आलं असावं, कारण त्यांनी आणखी मोठ्यानं तेच सांगितलं आणि वर ‘मेडम हेळ्तिद्दारे’, मॅडम सांगतायत, असं जोडलं. मग बराच वेळ नुसती खरखर. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलीनं स्क्रीनवरचं झुलणारं चित्र थांबवलं. बरं केलं.

मी आयुष्यात कधी देवाला नवस बोललेले नाही. त्या वेळीही बोलले नाही. मी मनात पट्ट्यांचा ताण मोजत बसले. एका माणसाचा हात किती ओढू शकतो, खांब किती लांब असेल, पट्टा किती ताणला जाईल. डोकं दुसरं काही करायला तयार नव्हतं. आपण नवऱ्याचा विचार करायला हवा असं मला कळत होतं, आणि मी पट्ट्यांचा करत होते.

“कट्टिद्दारे अम्मा,” अण्णा म्हणाले. बांधलंय.

“दोन्हीकडे?”

“एरडू कडे.” दोन्हीकडे.

“मग आता एकेकानं. एक पूर्ण खाली पोहोचला की मगच दुसरा उठेल. सावकाश.”

पहिला फिटर उतरला. दुसरा उतरला. दुसरा शिडीवर असताना मचाणातून काहीतरी करकरल्याचा आवाज आला, असं अण्णांनी सांगितलं. शेवटी कोण उरलंय हे मी विचारलं नाही, कारण आपला नवरा मला माहीत आहे.

“सर बंदरु,” अण्णा म्हणाले. “केळगे बंदरु.” सर खाली आले.

मी फोन टेबलावर ठेवला. नागपूरची मुलगी ढसाढसा रडली, तिला मी आता अडवलं नाही. साहेब म्हणाले, “मॅडम, रिपोर्ट हम विथड्रॉ करते हैं.” मी पर्स उचलली आणि जिना उतरून ऑटो पकडली. येलहंक्यापर्यंतचा तो रस्ता इतका तुंबलेला होता, की ऑटोवाल्यानं दोनदा मागे वळून मला विचारलं, अक्का, बरं नाही का?

हँगरच्या गेटसमोर एक चहाची टपरी आहे. नवरा तिथे बाकावर बसला होता. आत पट्टे आणखी घट्ट करून, मचाणाभोवती दोरी लावून, त्याची घडी घालायचं काम सुरू झालं होतं; त्याला कोणीतरी बाहेर पाठवून दिलं होतं. माझ्यासाठी त्यानं चहा सांगितला. त्याचे हात स्थिर होते, फक्त शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग होता.

“किती हललं असतं गं?” त्यानं विचारलं.

त्या झुलणाऱ्या चित्राला आकडा नसतो. मोकळी वस्तू कोणत्या दिशेला जाईल ते गणित सांगतं, किती जाईल ते सांगत नाही, कारण तिला थांबवणारं काही नसतंच. वजनाला आकडा देणं, ताणाला आकडा देणं, हेच मी नोकरीला लागल्यापासून करत आले, आणि त्यानं विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला मी ‘माहीत नाही’ म्हटलं.

त्यानं मान हलवली. म्हणाला, “फिटर चढायला तयार नव्हते. नव्या वस्तूवर आधी कोणीतरी वरच्या हुद्द्याचा माणूस चढतो, ती इथली पद्धतच आहे. मग मीच गेलो पुढे.”

“रिपोर्ट वाचला नव्हतास?” मी विचारलं. हा माणूस घरी गॅसचा नवा पाइप आणला तरी त्याच्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचतो. हँगरमध्ये कोणाच्या सहीवर विसंबत नाही म्हणून त्याला लोक टरकून असतात. “पान उघडलं असतंस तर ती स्प्रिंग दिसली असती तुला. सही कोणाची आहे ते तरी पाहायचंस. मी त्या आठवड्यात तिथे नव्हतेच. चामराजपेटेत होते, तुझ्याच आईकडे.”

“ते माहीतच होतं ना मला,” तो म्हणाला. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. “पण वर तुझ्या ऑफिसचं नाव होतं. तेवढंच वाचलं, आणि फिटरांना म्हटलं, घरचंच काम आहे, चला.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ऑटोत बसल्यापासून कोणावर तरी ओरडायचं मी ठरवून आले होते. ते काही जमलं नाही. मी त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथून काढता येईना.